तळं कागदावर खुलं होतं: न्यायाचा आदर्श आणि न्यायाचा व्यवहार

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. पुढच्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनंही ठराव केला आणि गावातलं चवदार तळं सर्वांना खुलं झालं. त्यानंतर तीन वर्षं काहीही घडलं नाही. तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, परधर्माची माणसं पाणी भरत होती. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना मात्र काठावर पाऊल टाकायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, हे महाराष्ट्रात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

मला मधल्या तीन वर्षांबद्दल बोलायचं आहे. १९२५ साली महाडात न्याय होता का? नियम विचाराल तर नियम चांगला होता, आजही त्यात फारसं काही बदलावं लागणार नाही. माणसं कशी जगत होती ते विचाराल तर उत्तर एका शब्दाचं आहे: नव्हता. एकाच गावाबद्दल, एकाच वर्षाबद्दल ही दोन उत्तरं निघतात, कारण आपण नकळत दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात. पूर्ण न्यायी समाज कसा असेल, हा एक. डोळ्यासमोरचा अन्याय कमी कसा करायचा, हा दुसरा. राजकीय तत्त्वज्ञानात पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला आदर्श सिद्धांत म्हणतात. दुसऱ्याला शब्दशः ‘अनादर्श’ म्हणायला हवं, पण तो शब्द मराठीत जिभेवर बसत नाही, म्हणून मी इथं त्याला व्यवहारी सिद्धांत म्हणेन. यातला आधी कोणता यायला हवा, आणि व्यवहारी सिद्धांतावाचून आदर्श सिद्धांताला काही अर्थ आहे का, यावर गेली पन्नासेक वर्षं जोरदार वाद चालू आहे.

वाद तसा जुनाच. प्लेटोनं ‘रिपब्लिक’मध्ये तत्त्वज्ञ राजांचं निर्दोष नगर उभं केलं आणि उतारवयात ‘लॉज’मध्ये माणसांना झेपेल असं, दुसऱ्या क्रमांकाचं नगर कायद्याकानूंसकट मांडलं. पण आजचा वाद ज्या भाषेत चालतो ती भाषा जॉन रॉल्स यांनी घडवली.

रॉल्स हार्वर्डमध्ये शिकवत. १९७१ साली त्यांचं ‘ए थिअरी ऑफ जस्टिस’ हे जाडजूड पुस्तक आलं. त्यातली मध्यवर्ती कल्पना समजायला अवघड नाही. भावाभावांच्या वाटण्यांत एक शहाणपणाचा रिवाज असतो: वाटे एकानं पाडायचे आणि आधी उचलायचं दुसऱ्यानं. मग वाटे पाडणारा आपोआप सरळ वागतो, कारण कोणता तुकडा आपल्या पदरी येईल हे त्याला माहीत नसतं. रॉल्स यांनी हीच युक्ती अख्ख्या समाजाला लावली. समजा, समाजाचे मूळ नियम ठरवायला माणसं बसली आहेत आणि त्यांच्यासमोर अज्ञानाचा पडदा आहे. आपण गरीब की श्रीमंत, बाई की पुरुष, कोणत्या वंशाचे, कोणत्या धर्माचे, हुशार की बेताचे, धडधाकट की आजारी, यातलं कुणालाच काही माहीत नाही. अशा स्थितीत माणसं कोणते नियम निवडतील?

रॉल्स यांच्या मते दोन. एक, प्रत्येकाला मूलभूत स्वातंत्र्यं सारखी, आणि त्यांचा सौदा नाही. दोन, आर्थिक-सामाजिक विषमता राहायची असेल तर तिनं दोन अटी पाळाव्यात: मोठ्या पदांची दारं सर्वांना खऱ्या अर्थानं सारखी उघडी हवीत, आणि त्या विषमतेचा सर्वाधिक फायदा तळाच्या माणसाला व्हायला हवा. डॉक्टरला जास्त पगार मिळाला तर चालेल, पण त्या पगारामुळे सगळ्यात गरिबाची प्रकृती सुधारत असेल तरच. मला हा दुसरा भाग आजही धाडसी वाटतो. आपल्या हुशारीवरसुद्धा आपला नैतिक हक्क नाही, ती जन्माच्या सोडतीत लागलेली आहे, असं म्हणण्याइतकी त्याची मुळं खोल जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं मांडताना रॉल्स यांनी दोन गृहीतं उघडपणे धरली. नियम ठरले की सगळे ते पाळतील, हे पहिलं. आणि समाजाची परिस्थिती बरी असेल, म्हणजे उपासमार, यादवी, अशिक्षितपणा यांनी तो मोडकळीला आलेला नसेल, हे दुसरं. लोक नियम मोडतात तेव्हा काय करायचं, शिक्षा, युद्ध, सविनय कायदेभंग, हे प्रश्न त्यांनी बव्हंशी दुसऱ्या भागाकडे, व्यवहारी सिद्धांताकडे ढकलले. रोजच्या जगण्यात तेच प्रश्न तातडीचे आहेत, हे त्यांना मान्य होतं. पण आरोग्य म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर रोग ओळखणार कशावरून, अशी त्यांची भूमिका होती.

रॉल्स यांना जगाचा विटाळ होता, म्हणून ते आदर्शात रमले, असं कुणी म्हटलं तर ते अन्यायाचं होईल. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिकच्या आघाडीवर साधे पायदळ सैनिक होते. बाँब पडल्यानंतरच्या हिरोशिमातून त्यांची रेल्वे गेली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पन्नास वर्षांनी, १९९५ साली, त्यांनी तो बाँब टाकणं हे घोर दुष्कृत्य होतं असा लेख लिहिला. अन्याय त्यांनी जवळून पाहिला होता. प्रश्न त्यांच्या पद्धतीचा आहे, आणि तो गंभीर आहे.

सगळ्यात बोचरी टीका चार्ल्स मिल्स यांनी केली. ते जमैकात वाढले आणि अमेरिकेत शिकवत. २००५ च्या एका निबंधात त्यांनी थेट म्हटलं की आदर्श सिद्धांत ही एक विचारसरणी आहे, वरच्या थरातल्यांच्या सोयीची. त्यांचा युक्तिवाद नकाशाच्या उदाहरणानं सांगतो. महाडहून भोरला जायचा नकाशा काढताना झाडं, दगड, चहाच्या टपऱ्या दाखवल्या नाहीत तर बिघडत नाही. नकाशात काहीतरी गाळावंच लागतं. पण वरंध घाटाच्या जागी सरळ सपाट रस्ता काढला, तर त्या नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी दरीत जाईल. पहिल्या गोष्टीत तपशील सोडला, दुसरीत खोटा तपशील भरला. मिल्स म्हणतात, आदर्श सिद्धांतात दुसरी गोष्ट होते. वंशभेद, गुलामगिरी, बायकांवरची सत्ता हे समाजाच्या रस्त्यातले घाट आहेत आणि सिद्धांत ते सपाट करून टाकतो. अमेरिकेत शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरला तो १९५४ साली, नागरी हक्कांचा कायदा झाला तो १९६४ साली. त्याच काळात रॉल्स यांचा सिद्धांत आकाराला येत होता. तरीही न्यायावरच्या त्या भल्यामोठ्या पुस्तकात काळ्या माणसांच्या वाट्याला आलेल्या इतिहासाला जवळजवळ जागाच नाही. सगळे नियम पाळतात असं एकदा धरलं की नियम मोडून उभा राहिलेला समाज दिसायचाच बंद होतो.

महाडच्या तीन वर्षांकडे या नजरेनं पाहा. ठराव करणाऱ्यांची नियत वाईट असेल असं मुळीच नाही. पण ‘तळं खुलं आहे’ या वाक्यात कुणीतरी ते खुलं राहू देईल असं धरलेलं होतं. गावात अधिकार कुणाचा, मार कुणाला पडेल, बहिष्कार पडला तर धान्य कोण देईल, हे त्या वाक्यात कुठंच नव्हतं. आणि मार पडलाच. २० मार्चलाच, परतणाऱ्या माणसांवर, ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठवून हल्ले झाले. मग तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला.

अमर्त्य सेन यांची टीका वेगळ्या बाजूनं येते. मिल्स म्हणतात आदर्श फसवा आहे, सेन म्हणतात त्याची गरजच नाही. २००९ च्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या बरेचदा एकत्र गुंडाळल्या जातात, म्हणून सुट्या करून बघू.

पहिली गोष्ट तुलनेची. दोन डोंगरांत उंच कोणता हे ठरवायला एव्हरेस्ट जगात सर्वांत उंच आहे ही माहिती लागत नाही, दोघांची उंची मोजली की झालं. तसंच, दोन परिस्थितींत कमी अन्यायाची कोणती हे ठरवायला परिपूर्ण न्यायाचं चित्र लागत नाही. शिवाय ते चित्र एकच असेल याचीही खात्री नाही. सेन यांच्या पुस्तकात तीन मुलं आणि एक बासरी आहे. एका मुलीला ती वाजवता येते, एक मुलगा इतका गरीब आहे की त्याच्याकडे दुसरं खेळणं नाही, आणि तिसरीनं ती स्वतः महिनोन्महिने खपून बनवली आहे. बासरी कुणाला? तिघांच्याही बाजूनं खरी, वजनदार कारणं आहेत. सगळ्या शहाण्यांना एका खोलीत बसवलं तरी त्यांचं एकमत होईलच असं नाही. पण एकमत झालं नाही म्हणून काम थांबत नाही. गुलामगिरी संपवावी की ठेवावी, यावर ते तिघंही एकाच बाजूला उभे राहतील.

दुसरी गोष्ट नियम आणि जगणं यातल्या अंतराची. इथं सेन संस्कृतातले दोन शब्द घेतात, नीती आणि न्याय. मराठी वाचकाला ‘नीती’ म्हटलं की नीतिमत्ता आठवते, सेन यांचा अर्थ तो नव्हे. त्यांच्या लेखी नीती म्हणजे संस्थांची, नियमांची बरोबर मांडणी, आणि न्याय म्हणजे त्या मांडणीतून माणसांच्या वाट्याला प्रत्यक्षात जे येतं ते. याच्या उलट टोकाला मत्स्यन्याय, मोठ्या माशानं लहान माशाला गिळणं. आपल्याकडे त्यालाच बळी तो कान पिळी म्हणतात. सेन यांचं म्हणणं असं की नियम कितीही नेटके असले आणि खाली मत्स्यन्याय चालू असला, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही.

हे त्यांनी पुस्तकात बसून काढलेलं नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ पडला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसं गेली. पुढं अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी दाखवलं की धान्य अजिबात नव्हतं म्हणून ती माणसं मेली नाहीत, ते विकत घ्यायची ऐपत त्यांच्याकडे उरली नव्हती. कुणी दुकान लुटलेलं नव्हतं, मालकानं मजुरी चोरलेली नव्हती, मालमत्तेचा कोणताही नियम मोडला नव्हता, आणि रस्त्यावर प्रेतं पडत होती. नियम पाळले गेले म्हणजे न्याय झाला, या समजुतीला याहून मोठा तडा कोणता हवा?

मला सेन पटतात. अन्यायापासून सुरुवात करावी, हेही पटतं. तरी एका जागी माझं पाऊल अडतं, आणि ती जागा पुन्हा महाडातच आहे.

त्या काळात पाण्याच्या तंट्यांवर एक तोडगा ठिकठिकाणी निघत असे: अस्पृश्यांसाठी वेगळी विहीर. नुसत्या तुलनेनं पाहिलं तर हा तोडगा चांगला दिसतो. आधी पाणी मैलभरावरून आणावं लागायचं, आता वस्तीत मिळेल. बाईच्या डोक्यावरचा हंडा हलका होईल, कुणाचं डोकं फुटणार नाही, गावाची शांतता टिकेल. ‘आज’ आणि ‘वेगळी विहीर’ एवढीच तुलना केली तर वेगळी विहीर जिंकते. मग ती नाकारायची कशाच्या बळावर? डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या दुसऱ्या परिषदेत, बाबासाहेबांनी याचं उत्तर दिलं. या तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही. आपण तिथं जातो ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला, समतेचा पाया घालायला. त्याच भाषणात त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, पाण्याचा वाद चालू असताना, फ्रेंच राज्यक्रांती. हे वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. तुलनेची पट्टी कुठून आणायची हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पट्टीवर ‘पाणी किती जवळ’ एवढंच मोजलं तर वेगळी विहीर पास होते. ‘माणूस म्हणून बरोबरी’ मोजली तर ती नापास होते, कारण ती विटाळाला विटा-चुन्यात पक्कं करते.

सेन यांच्या बाजूनं म्हणता येईल की बरोबरी मोजायला परिपूर्ण समाजाचा आराखडा लागत नाही, आणि ते खरं आहे. पण ए. जॉन सिमन्स या तत्त्वज्ञानं २०१० च्या एका निबंधात मांडलेला मुद्दा इथं कामाला येतो. सर्वोच्च शिखर गाठायचं असेल तर जवळच्या टेकडीवर चढणं ही दर वेळी प्रगती नसते. ती टेकडी कदाचित भलत्याच बाजूला असते आणि तिथून पुढं जायला आधी खाली उतरावं लागतं. कोणतीही एक पायरी न्यायाची आहे का, हे ती पायरी कुठं नेते यावरूनही ठरतं, आणि कुठं जायचं आहे हे आदर्श सांगतो. रॉल्स यांनीही १९९९ साली व्यवहारी पायरीसाठी तीन कसोट्या दिल्या होत्या: ती नैतिकदृष्ट्या चालण्यासारखी हवी, राजकीयदृष्ट्या शक्य हवी, आणि परिणामकारक ठरण्याची शक्यता हवी. वेगळी विहीर दुसरी कसोटी सहज पार करते. तिथं समाधान मानणारे लोक पहिलीकडे बघतच नाहीत.

याची उलटी चूकही तितकीच घातक आहे आणि ती आपल्याकडे रोज कानावर येते. मुक्कामाचे नियम वाटेवर लावायचे, ही ती चूक. जातविरहित समाजात आरक्षण नसेल, फॉर्मवर जातीचा रकाना नसेल, हे खरंच आहे. म्हणून तो रकाना आजच पुसून टाकू या, आपण आदर्शाच्या एक पाऊल जवळ जाऊ, असं कुणी म्हटलं तर ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. १९५६ साली रिचर्ड लिप्सी आणि केल्व्हिन लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी अशाच प्रकारच्या तर्काला उत्तर दिलं होतं. आदर्श स्थितीच्या दहा अटी असतील आणि त्यातली एक पूर्ण होणं शक्य नसेल, तर उरलेल्या नऊ जशाच्या तशा पूर्ण करणं हा दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम मार्ग असेलच असं नाही. तसं केल्यानं स्थिती आधीपेक्षा वाईटही होऊ शकते. जात वागण्यात शाबूत आहे आणि कागदावरून गेली, तर जात जात नाही, तिचा हिशेब जातो. १९५१ ते २०११ च्या दर दहा वर्षांच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी समाजाची जातवार मोजणी झाली नाही. तेवढ्यानं कुणाचं लग्न जातीबाहेर ठरलं नाही. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हा त्यांनी घाट असलेला नकाशा समोर ठेवला होता.

पण आरक्षणाच्या वादात आदर्श पूर्ण विसरला तर काय होतं, हेही आपण पाहतो. चर्चा कुणाला किती टक्के यावर येऊन थांबते. ही तजवीज कशासाठी होती, ती यशस्वी झाल्याची खूण कोणती, कोणत्या माणसाच्या आयुष्यात काय बदललं म्हणजे पुढची पायरी चढायची, हे प्रश्न विचारणाराच उरत नाही. तुलना करणाऱ्याला आदर्श लागतो तो इथं.

आदर्शवाला आणि व्यवहारवाला असे दोन पक्ष पाडून त्यातला एक निवडायची सवय मला म्हणूनच चुकीची वाटते. सुरुवात कुठून, यावर मी मिल्स आणि सेन यांच्याबरोबर आहे: जिथं दुखतं तिथून, आणि दुखणं ज्याचं त्याला विचारून. पण पट्टी जवळ हवी.

तळ्याचा दावा दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निकाली काढला आणि तळं सर्वांचं झालं. मात्र ते झालं एका अरुंद कारणावर. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादिकाळापासूनची आहे, असं सवर्ण वादींचं म्हणणं होतं आणि त्यांना ते सिद्ध करता आलं नाही. समतेचा मुद्दा निकालात आलाच नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तो नव्हता. रूढी सिद्ध झाली असती तर?

तो मुद्दा आणखी बारा वर्षांनी कायद्यात आला, आणि कसा आला ते बघण्यासारखं आहे. राज्यघटनेच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे चार शब्द आहेत, परिपूर्ण समाजाचे. पण घटनाकारांनी लोक ते शब्द आपणहून पाळतील असं धरलं नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीला बजावलं होतं की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगत जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. म्हणून कलम १७ अस्पृश्यता नष्ट झाली एवढं म्हणून थांबत नाही, ती पाळणं हा गुन्हा ठरवतं. आणि कलम १५ च्या दुसऱ्या खंडात, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला कशापासून रोखता येणार नाही, याची यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, आणि सार्वजनिक पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. १९२३ च्या ठरावातले पाणवठे देशाच्या घटनेत नाव घेऊन आले, उद्देशिकेतल्या ‘समता’ या शब्दापासून काही पानांवर.